भाषा-सर्वेक्षण आणि भाषक : ग्रिअर्सनपासून लोकसर्वेक्षणापर्यंत

भारतीय भाषांच्या अभ्यासकास सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ या ११ खंडांच्या ग्रंथापाशी केव्हा ना केव्हा थांबावेच लागते. १८८६ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने अशा पाहणीची शिफारस केली, १८९४ मध्ये कामास प्रारंभ झाला, १९०३ पासून खंड बाहेर पडू लागले आणि १९२८ मध्ये ते पूर्ण झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली अशी त्यातील मोजदाद सर्वपरिचित आहे. एका माणसाच्या हयातीत एवढे कार्य सिद्धीस जावे ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे, आणि प्रस्तुत लेखात पुढे जी टीका येईल ती या आदराला बाधा आणणारी नाही, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो. मला विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. या पाहणीत, आणि तिच्या नंतरच्या पाहण्यांत, जिची नोंद होत होती ती भाषा बोलणारा मनुष्य नेमका कोठे उभा होता?

ग्रिअर्सनची पद्धती थोडक्यात अशी. प्रत्येक भाषेचे वा बोलीचे तीन नमुने मागविले जात. पहिला, बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर. दुसरा, त्या भाषेतीलच एखादी कथा, निवेदन वा पद्य. तिसरा, ठराविक शब्दांची व वाक्यांची यादी. दृष्टांताची निवड व्याकरणाच्या सोयीने झाली होती, कारण तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे प्रमुख काळ त्यात आपसूक येतात. हे नमुने जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितले जात, आणि तेथून ते मामलेदार, शिक्षक, कारकून, क्वचित मिशनरी अशा मार्गाने खाली उतरून पुन्हा त्याच पायऱ्यांनी वर चढत. १९०३ मध्ये सनदी सेवेतून निवृत्त झाल्यावर ग्रिअर्सनने उरलेले सारे संपादन इंग्लंडमध्ये कॅम्बरली येथे बसून केले. म्हणजे बोलणारा आणि लिहिणारा यांच्यामध्ये सरकारी कचेऱ्यांची उतरंड होती आणि शेवटी एक समुद्र होता.

याच ग्रिअर्सनने १८८५ साली ‘बिहार पेझंट लाइफ’ हा ग्रंथ सिद्ध केला होता, हे येथे आठवणे उचित होईल. नांगराच्या प्रत्येक भागाचे, गाडीच्या प्रत्येक खिळ्याचे, मळणीच्या प्रत्येक कृतीचे नाव त्यात आहे, आणि ते शेतकऱ्याच्या तोंडून घेतलेले आहे. तेव्हा भाषकाशी प्रत्यक्ष बोलण्याचे महत्त्व त्यास ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. सबंध देशाचा पसारा हाती घेताच ते शक्य राहिले नाही, इतकेच. पाहणीचे क्षेत्र वाढते तसा भाषक दूर जातो, हा अनुभव पुढेही अनेकांना आला आहे.

शब्दांच्या यादीकडे मात्र किंचित रेंगाळून पाहावेसे वाटते. २४१ नोंदींची ही यादी मुळात सर जॉर्ज कॅम्बेल यांनी १८६६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी तयार केलेल्या यादीवरून घेतली होती. सकर्मक क्रियापदाचा नमुना म्हणून तीत जे क्रियापद निवडले गेले ते ‘मारणे’ हे होय. मी मारतो, तू मारतोस, मी मारले, मला मारले जाते, अशी सारी रूपे प्रत्येक भाषेत मागितली गेली. शेवटच्या वाक्यांमध्ये कोणास चांगला चोप देऊन दोरांनी बांधावयाची आज्ञा आहे, कोणाला रुपया देण्याची व कोणाकडून घेण्याची आज्ञा आहे, विहिरीचे पाणी काढण्याची आहे, ‘माझ्यापुढे चाल’ अशीही आहे. यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. अरबी व्याकरणातही जैदने अम्रास मारल्याचे उदाहरण शतकानुशतके दिले जात आहे, आणि आमच्या शाळांतून ‘मारणे’ चालविण्याची प्रथा कोणास अपरिचित आहे? तथापि ही यादी सुटी सुटी न पाहता सलग वाचली, तर एक विशिष्ट माणूस दुसऱ्या एका विशिष्ट माणसाशी बोलत आहे असा भास झाल्यावाचून राहात नाही. नात्यांचे काही शब्द तीत आहेत, पण मामेबहीण आणि आतेबहीण यांत भेद करणाऱ्या समाजाला तो भेद सांगता येईल अशी जागा नाही. येथून काश्मीर किती दूर, हे मात्र सर्वांना विचारलेले आहे.

मराठीच्या बाबतीत या पद्धतीचे परिणाम दीर्घकाळ टिकले. मराठीचा खंड, म्हणजे सातवा, १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सिद्धतेत नॉर्वेचे पंडित स्टेन कोनोव यांचा मोठा वाटा होता. निजामाचे हैदराबाद संस्थान पाहणीच्या कक्षेबाहेर राहिल्यामुळे मराठवाड्याच्या बोलींची पाहणीच झाली नाही. मराठीच्या आद्य ग्रंथकारांची भूमी मराठीच्या पहिल्या शास्त्रीय पाहणीत कोरी राहावी, ही घटना वाटते तितकी किरकोळ नाही. त्यानंतरच्या कित्येक पाठ्यपुस्तकांत मराठीच्या बोली म्हणून जी नामावळी दिली जाई तीत ही पोकळी निमूटपणे उतरली. खानदेशी ही १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या सोबत, गेली. कोकणी सातव्या खंडात मराठीची बोली म्हणून आली. हे निर्णय व्याकरणाच्या कसोट्यांवर घेतलेले होते आणि त्यांतील काहींचा युक्तिवाद आजही वाचनीय आहे. परंतु अहिराणी बोलणारा आपल्या बोलीस मराठीची मानतो की गुजरातीची की स्वतंत्र, हा प्रश्न पुराव्याच्या यादीत नव्हता. कोकणीच्या बाबतीत तो प्रश्न भाषकांनी पुढे स्वतःच उपस्थित केला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. या वादात मराठी पंडितांनी ग्रिअर्सनचा हवाला किती आग्रहाने दिला होता, हे जुने अंक चाळणाऱ्यास सहज दिसेल.

अकरावा खंड १९२२ चा. त्याचे शीर्षक ‘जिप्सी भाषा’ असे असून भामटी, बेलदारी, पेंढारी, कोल्हाटी, गारुडी, सांसी, कंजारी, शिकलगारी इत्यादी फिरस्त्या जमातींच्या बोली व सांकेतिक भाषा त्यात आल्या आहेत. या खंडाचा विचार त्या काळच्या कायद्यापासून अलग करता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या, आणि १९११ च्या नव्या कायद्याने ती तरतूद मुंबई इलाख्यातही आली. १९०८ मध्ये मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांनी गुन्हेगार वर्गांविषयी जे टिपण-पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात जमातींच्या सवयी आणि हत्यारे यांच्याबरोबर त्यांच्या बोलण्याची वैशिष्ट्ये आणि सांकेतिक शब्दही नोंदविलेले आहेत. भाषाशास्त्रज्ञाचा शब्दसंग्रह आणि शिपायाचा शब्दसंग्रह एकाच कागदावर मावत होते. ज्याची भाषा नोंदली जात होती त्याच्या दृष्टीने या दोघांत अंतर असण्याचे कारणच नव्हते.

हे मी केवळ ग्रंथांवरून लिहीत नाही. प्रबंधाच्या कामासाठी सुमारे २० वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावाबाहेरील पालांवर काही महिने जात असे. एक वृद्ध बाई माझ्या मुख्य निवेदक होत्या. मी त्यांना आजी म्हणे, त्या मला मास्तर म्हणत. वहीतील यादीप्रमाणे मी एकेक शब्द विचारावा आणि त्यांनी तंबाखू मळत उत्तर द्यावे, असा आमचा क्रम होता. अवयव, अंक, पाणी, भाकरी हे निर्विघ्न पार पडले. पुढे पोलीस, पैसा, दागिना, रात्र, पळणे अशा शब्दांशी आम्ही आलो. त्यांनी न अडखळता शब्द दिले, मी लिहून घेतले, ते प्रबंधाच्या परिशिष्टात टंकलिखित होऊन विद्यापीठात दाखल झाले, आणि मला पदवी मिळाली. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या नातवाशी बोलताना उलगडा झाला की त्यांपैकी अनेक शब्द आजीने त्याच क्षणी रचले होते. नातू हे सांगताना हसत होता. मी प्रथम ओशाळलो, मग रागावलो, आणि पुष्कळ विचारांती मला असे वाटू लागले की त्या दोघांत शास्त्रीय दृष्टीने अधिक सावध वर्तन आजींचे होते. वही कोठे जाणार, हे त्यांनी मला एकदा विचारले होते. मी ‘विद्यापीठात’ असे सांगितले. त्यांच्या ऐकण्यात हा शब्द आणि ‘ठाण्यात’ हा शब्द यांत काय अंतर असावे, याचा विचार माझ्या मनास शिवला नव्हता.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. स्वतंत्र भारतात भाषांची मोजदाद करण्याचे काम मुख्यतः जनगणनेकडे राहिले. जनगणनेत प्रत्येकाने आपली मातृभाषा स्वतः सांगावयाची असते, म्हणून येथे तरी भाषकाचा शब्द प्रमाण मानला जातो असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नावे प्रसिद्ध झाली. १९७१ पासून १०,००० हून कमी भाषक असलेल्या भाषा यादीतून वगळण्यात येऊ लागल्या. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांचे वर्गीकरण १२१ भाषांमध्ये झाले. छाननी आवश्यकच असते. एकच नाव दहा प्रकारे लिहिले जाते, गावाचे वा जातीचे नाव भाषेच्या रकान्यात पडते. पण वर्गीकरण कोणत्या हातांनी होते आणि ज्यांचे होते त्यांना ते कळते काय, हा प्रश्न उरतो. बंजारी आणि लमाणी-लंबाडी या नावांनी २०११ मध्ये ४८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा सांगितली. ते सर्व तक्त्यात हिंदीच्या पोटात आहेत. तांड्यावर जाऊन ‘तुम्ही हिंदी बोलता काय’ असे विचारले तर काय उत्तर येईल हे सांगावयास नको. लमाणी हे नाव तरी बाहेरच्यांनी दिलेले. बोलणारे स्वतःस गोर म्हणवितात आणि आपल्या भाषेस गोरबोली. उलट खानदेशी स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली आणि तिचे भाषक सुमारे साडेअठरा लाख भरले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५० ‘अ’ या अनुच्छेदान्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावयाची आहे. जी भाषा तक्त्यातच नाही तिच्या मुलांनी ही सोय कोणत्या आधारावर मागावी? भाषेच्या नावाची नोंद हा येथे केवळ पंडितांचा विषय राहात नाही.

या पार्श्वभूमीवर २०१० मध्ये वडोदरा येथील ‘भाषा’ या संस्थेने हाती घेतलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाकडे पाहावयास हवे. त्याचे प्रवर्तक गणेश देवी हे इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापिली, तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी केली, आणि १९९८ मध्ये महाश्वेता देवी व ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना काढली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे, कारण सर्वेक्षणाची कल्पना त्या कामातून निपजली. सुमारे ३,००० लोकांनी त्यात भाग घेतला. त्यांत भाषाशास्त्रज्ञ थोडे होते. शिक्षक, लेखक, कार्यकर्ते आणि मुख्यतः त्या त्या भाषा बोलणारे अधिक होते. ७८० भाषांची नोंद झाली आणि २०१३ मध्ये खंड प्रसिद्ध होऊ लागले. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादिला आणि तो मराठीत त्याच वर्षी आला.

नोंदीचा साचा कॅम्बेलच्या यादीशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. भाषेचे नाव आणि त्याचा अर्थ, समाजाचा इतिहास, भूप्रदेश, गाणी व कथा भाषांतरासह, आणि मग शब्द : नात्यांचे, रंगांचे, काळाचे आणि अवकाशाचे. ‘मारणे’ हे क्रियापद येथे सक्तीचे नाही. पहिल्या सर्वेक्षणात समाजाचा इतिहास संपादक सांगत असे, आणि तोही बहुधा गॅझेटियरवरून. येथे तो भाषक सांगतो, आणि तो सांगताना अनेकदा गॅझेटियरशी भांडतो. महाराष्ट्राच्या खंडात मराठीच्या बोलींबरोबरच आदिवासींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या भाषांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. ज्या समाजांची भाषा यापूर्वी केनेडीसारख्यांच्या पुस्तकात छापली गेली होती, त्या समाजांतील सुशिक्षित पिढीने तीवर स्वतःच्या नावाने लिहावे, हा बदल मला या सबंध इतिहासातील सर्वांत मोठा वाटतो.

परंतु विद्यार्थ्यांनी हे खंड हाताळताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. ध्वनिलेखनाची एकरूप पद्धती त्यात नाही. व्याकरण पुष्कळ ठिकाणी नावापुरते आहे. काही ठिकाणी जातीचे नाव हेच भाषेचे नाव झाले आहे, आणि शेजारच्या दोन समाजांची बोली जवळजवळ एकच असताना नोंदी दोन झाल्या आहेत. ७८० हा आकडा म्हणूनच १७९ या आकड्याशी तोलता येत नाही. १९६१ नंतरच्या ५० वर्षांत २०० हून अधिक भाषा लुप्त झाल्या, असा जो निष्कर्ष वृत्तपत्रांतून गाजला, त्याचा पायाही मला भक्कम वाटत नाही. १६५२ ही मातृभाषांच्या नावांची संख्या होती, आणि तिच्यातून भाषांची संख्या काढताना गृहीतकांची बरीच भर घालावी लागते. भाषक सहभागी झाला म्हणजे तो सांगेल ते सर्व शास्त्र होते, अशी समजूत करून घेणे हा त्याचा सन्मान नव्हे. त्याच्याशी मतभेद मांडण्याइतका त्याला बरोबरीचा मानणे, हेही सहभागातच येते.

दुसऱ्या बाजूने, केवळ शास्त्राच्या बळावर काय हाती लागते त्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली ही भाषा दोन-अडीच हजार लोक बोलतात. ग्रिअर्सनच्या चौथ्या खंडात (१९०६) ती मुंडा कुळात कोरकूशेजारी आली. १९६२ मध्ये डच पंडित कॉयपर यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिच्यातील मोठा शब्दसंग्रह कोणत्याही ज्ञात कुळाशी जुळत नाही हे दाखविले, आणि त्याच चर्चेत ती मुळात चोरट्यांची सांकेतिक भाषा असावी काय, अशी शंकाही पुढे आली. २०१४ मध्ये के. एस. नागराज यांनी तिचे व्याकरण व शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. भाषाशास्त्राच्या जगात निहालीस फार मोठे नाव आहे. जगातील अनन्यसाधारण भाषांच्या प्रत्येक यादीत ती असते. जनगणनेच्या यादीत मात्र ती नाही, कारण १०,००० ची मर्यादा तिला कधी ओलांडता येणार नाही. आणि सांकेतिक भाषेची जी शंका परिषदांतून चर्चिली गेली, तिचा अर्थ त्या गावांत काय होतो, हे चर्चा करणाऱ्यांपैकी किती जणांनी लक्षात घेतले असेल? पूर्वजांना चोर म्हणणारे विधान हे तेथे व्युत्पत्तीविषयक अनुमान राहात नाही.

महाराष्ट्रात या दोन टोकांमधील वाटही चोखाळली गेली आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून ‘मराठी बोलींची पाहणी’ ही इंग्रजी पुस्तकमाला राज्य साहित्य संस्कृती मंडळाकरिता सिद्ध केली. कुडाळी, काणकोणची कोकणी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी इत्यादी बोलींचे ध्वनी, व्याकरण व संहिता त्यात इतक्या काटेकोरपणे दिल्या आहेत की लोकसर्वेक्षणातील उणीव तेथे भरून निघते. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण केले. त्यात गावोगावच्या स्त्री-पुरुषांच्या तोंडच्या गोष्टी व अनुभव ध्वनिमुद्रित होऊन सर्वांना ऐकावयास खुले झाले आहेत. आपल्या आजीचा आवाज भ्रमणध्वनीवर ऐकणारा नातू ही कॅम्बरलीच्या अभ्यासिकेत कल्पनेतही न आलेली गोष्ट होय. मात्र आवाज खुला करण्याबरोबर तो मागे घेण्याचा अधिकारही त्या आजीस असावा काय, आणि असल्यास तो तिने कोणाकडे मागावा, याविषयी आपल्या विद्यापीठीय नियमांत मला तरी समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. संशोधनास संमती घेण्याचा छापील नमुना आहे. त्यावर अंगठा उठविला की प्रकरण संपते. आमच्या विभागात यापुढे क्षेत्रकार्याचे टाचण निवेदकांसमोर वाचून दाखविल्याशिवाय परिशिष्ट स्वीकारू नये, आणि निवेदकाची इच्छा असेल तेथे त्याचे नाव सहलेखक म्हणून द्यावे, असा प्रस्ताव मी मांडला आहे. यामुळे प्रबंध रखडतील हा सहकाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. काही परिशिष्टे रोडावतील, हेही खरे.

माझ्या स्वतःच्या प्रबंधाचे परिशिष्ट मी गेल्या वर्षी त्या पालांवरच्या, आता पक्क्या घरांत राहणाऱ्या, कुटुंबापुढे पुन्हा वाचले. आजी राहिल्या नाहीत. त्यांच्या सुनेने व नातवाने मिळून १७ शब्द दुरुस्त करून दिले, आणि चार शब्दांच्या बाबतीत ‘हे असूच द्या, मास्तर’ असे म्हणून विषय बदलला. १७ दुरुस्त्यांचे शुद्धिपत्र ग्रंथालयातील प्रतीस जोडले आहे. उरलेल्या चार शब्दांवर मी रेघ मारली असून त्यांच्यापुढील जागा मोकळी ठेविली आहे.